जवळची व्यक्ती

मिरजेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटच्या नोंदींची नवी पद्धत शिकवायला निगडे मॅडम आल्या होत्या.

"जवळची व्यक्ती कोण, हे आता विचारायचं नाही. वर्षभरात कोण कोणाशी बोललं, हे कॉम्प्युटरला कळतं. कामाचं बोलणं वगळून तो स्वतःच नाव भरतो. सरावाला स्वतःची नोंद उघडा."

रिसेप्शनवरच्या कुमुदिनीच्या नोंदीत 'जवळची व्यक्ती' हा रकाना रिकामा निघाला. शेजारी बसलेलीला दिसू नये म्हणून तिने घाईने भावाचं नाव टाइप केलं. कॉम्प्युटरने ते पुसून टाकलं.

"आता एखादा जुना पेशंट घ्या."

तिने कणसेकाकांची नोंद उघडली. एकटे राहणारे काका तपासणीची तारीख विचारायला दर आठवड्याला फोन करायचे. त्यांच्या रकान्यात तिचं नाव होतं. ती तारीख सांगून फोन ठेवायची, एवढंच. तिच्या लेखी ते काम होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्यांना फोन लावला.

"तारीख बदलली का?"

"नाही काका. सहजच केला."

काका म्हणाले, "जेवलीस का?"

"बसतेच आहे," ती म्हणाली, आणि फोन कानाशी धरूनच तिने डबा उघडला.