जायरो काढून द्या

"जायरो काढून द्या," मोहना म्हणाली, आणि बडोद्यातल्या अकोट्याच्या खेळण्यांच्या दुकानातला विक्रेता कुशल तिच्याकडे बघतच राहिला.

बघणारच बिचारा. गिऱ्हाईक नवशिकं, आणि नवशिक्याला जी वस्तू हवीच हवी, नेमकी तीच नको म्हणतंय! एवढा वेळ खपून त्याने तिला रिमोटवरची ड्रिफ्टची गाडी समजावली होती. हिची चाकं रबरी नसतात, कडक प्लॅस्टिकची असतात. गाडी फरशीवर मुद्दाम घसरवायची आणि घसरता घसरता सावरायची, यातच तिची सगळी गंमत. पण मागची बाजू एकदा सरकली की नव्या माणसाच्या हाती काही राहत नाही. म्हणून आत ही काडेपेटीपेक्षा लहान डबी, जायरो. गाडी घसरतेय हे ती ओळखते आणि पुढची चाकं आपोआप हवी तशी वळवते. ही असली की कुणीही चालवेल.

"आणि नसली तर?"

"तो बेन, गोळ गोळ फर्या करशे."

गाडी नुसती गोल गोल फिरत राहावी, मोहनाला तेच तर हवं होतं. कुशलने मान हलवत नुसती वायर सोडवली आणि डबी आतच राहू दिली. लागलीच कधी, तर जोडता येईल म्हणाला.

मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये तिचा नवरा सलील भिंतीकडे तोंड करून पडला होता. या माणसाने उभा जन्म बडोद्याच्या लोकांना मोटार शिकवण्यात घालवला. फक्त मोहनाला नाही शिकवली. दोघांचं स्टीअरिंगवर असं काही वाजलं की ती आजतागायत स्कूटरवरच आहे. रिक्षात मागे बसला तरी हा रिक्षावाल्याला धडे द्यायचा. मग हायवेवर ट्रकने ठोकलं, आणि कमरेखालचं सगळं गेलं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला त्याने हाकलून दिलं. डॉक्टर मोहनाला स्पष्टच म्हणाले, हातांत ताकद आणली नाही तर हा माणूस कायमचा पलंगावर. चाकांची खुर्ची कोपऱ्यात अजून प्लॅस्टिकसकट उभी होती. काल सकाळी तो एवढंच बोलला, "मोहना, मला सोड आता." ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून पोटभर रडली.

आता तिने टीपॉय सरकवला, पलंगापुढची फरशी मोकळी केली आणि गाडी सोडली. गाडी गर्रकन फिरली आणि कपाटावर आदळली. पुन्हा फिरली, पुन्हा आदळली. सलीलने डोळे मिटून घेतले.

 तरी मोहना चालवत राहिली, चुकत राहिली. बोल रे बाबा, चिड, शिव्या दे, काहीही कर, असं मनात म्हणत राहिली. भिंतीकडची पाठ काही हलेना. बोटं दुखायला लागली. शेवटी हा खुळेपणाच झाला असं तिला वाटलं, आणि गाडी खोक्यात ठेवायला ती खाली वाकली.

"मागून ज्या अंगाला घसरते, त्या अंगाला चाक वळव."

सलीलने मान फरशीकडे वळवली होती, आवाज खरखरीत होता. मोहनाने वर बघितलं नाही. गाडी पुन्हा खाली सोडून तिने चाक मुद्दाम उलटीकडे वळवलं. सलीलला राहवेना. कोपरांवर जोर देऊन तो उठला, एकट्याने, कुणाचाही हात न धरता. "गाडी आण इकडे," म्हणाला. गाडीत काहीतरी गडबड आहे, एवढं कुणी चुकत नाही, असंही पुटपुटला.

त्याने वरचं कवच काढलं. सुटलेली वायर त्याच्या बोटाला लागली. खोक्यावरचं जायरोचं चित्र त्याने बघितलं, मग पुन्हा वायर बघितली. जन्मभर शिकाऊ लोकांच्या लबाड्या पकडलेला माणूस तो. मोहनाला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा भिंतीकडे वळणार, आणि मग ब्रह्मदेव आला तरी वळायचा नाही.

 मग त्याने गाडी तिच्या हातात ठेवली.

"जायरो लाव. आणि ती खुर्ची आण इकडे. नवशिका आहे मी, सांभाळून घे."