भुतांच्या बाजूने

"मेलेल्या माणसांना शेती कशाला लागते रे?" क्लेमेंटीन टीचरनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवत विचारलं.

पडद्यावर त्यांचा मुलगा फ्लॉईड दाढी खाजवत होता. भुईगावात रविवारची संध्याकाळ, त्याच्याकडे कॅनडात सकाळ.

"मम्मी, तू गेम खेळतेस की कृषी खात्याची तपासणी करतेस?"

राज्य वसवायचा हा नवा गेम त्यानेच पाठवला होता. दिसायला देखणा. पाणी चमकायचं, झेंडे फडफडायचे. पण टीचरनी आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले होते, नुसत्या सुवाच्य अक्षराला त्या मार्क देणाऱ्या नव्हत्या. गेममध्ये बुटके होते, जंगलवाले होते, भुतं होती, आणि सगळ्यांचा किल्ला एकच, कोठार एकच, बाजार एकच. फरक काय तो झेंड्याच्या रंगाचा. विरारला एकाच बिल्डरने बांधलेल्या बिल्डिंगी असतात तसं. एक गुलाबी, एक पिवळी, आत मोरी त्याच कोपऱ्यात.

"आपल्या जुन्या गेममध्ये बघ," त्या म्हणाल्या, "भुतांच्या राज्यात कोठारच नाही. ती जेवतच नाहीत, तर हवं कशाला? जंगलवाल्यांना झाड तोडायची बंदी. बुटक्यांचं सगळं गाव जमिनीखाली. प्रत्येकाचं दुखणं वेगळं म्हणून राज्य वेगळं. तुझ्या या नव्यात सगळ्यांचं एकच रडगाणं, लाकूड कमी पडतंय."

"पण जुन्यात बॅलन्स कुठे आहे? भुतं घेतली की खेळणारा जिंकणारच. नव्यात सगळे सेम, म्हणजे फेअर. आणि मेन म्हणजे, नव्यात समोर कॉम्प्युटर खेळतो. तुला माझ्यासाठी थांबायला नको."

खरं दुखणं इथेच होतं. जुन्या गेममध्ये तो भुतं घेऊन खेळायचा, त्या जंगलवाले. एक पाळी त्याची, एक यांची, नेटवरून. पूर्वी संध्याकाळपर्यंत त्याची पाळी खेळून यायची. हल्ली पाळी त्याची म्हणून कितीतरी दिवस त्याचंच नाव पडद्यावर लटकलेलं असायचं. हा डाव मोडला, तर फोनवर 'जेवलास का' आणि 'थंडी किती' एवढंच उरणार होतं.

"मला थांबायला आवडतं," त्या म्हणाल्या.

"मम्मी, खरंच टाइम नाही मिळत गं. असं कर, माझी पाळी तूच खेळून टाक. पासवर्ड टायगर."

"दुसऱ्याची पाळी घेऊ मी?"

टीचरना ते चोरीसारखंच वाटलं. त्यांच्या वाडीत तीन घरांत मिळून एक विहीर होती आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. ज्याची पाळी तो नाही आला, तर कुंपणावरून हाक मारायची. तरी नाही आला, तर पंप बंद ठेवायचा. आपल्या केळी सुकल्या तरी चालेल, पण दुसऱ्याच्या पाळीचं पाणी आपल्या पाटात घ्यायचं नाही. आता घरोघर बोअरिंग झाली, पण मुरलेलं असं थोडंच जातं?

"अगं, गेम आहे तो!" फ्लॉईड हसला. मागून त्याला कुणीतरी हाक मारली. "चल, नंतर बोलतो. जेवून घे."

फोन बंद झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. टीचर उठल्या, दिवा लावला, आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. पडद्यावर फ्लॉईडचं नाव होतंच. डाव मोडण्यापेक्षा हे पाप परवडलं, असं मनाशी म्हणत त्यांनी पासवर्ड टाकला. त्यांचा टायगर कुत्रा केव्हाच मेला होता.

भुतांच्या बाजूने त्यांनी हा डाव कधी पाहिलाच नव्हता. फ्लॉईडच्या दलदली, त्याचे काळे बुरूज, सगळं जिथल्या तिथे. पुढे पूर्वेला टीचरचं स्वतःचं राज्य असायला हवं होतं. तिथे त्यांनी झाडांवर अख्खं शहर वसवलं होतं. शहरातून निघून थेट त्याच्या सीमेपर्यंत रुंद रस्ता आणला होता. भुतं जेवत नाहीत हे ठाऊक असूनही वाटेत एक खाणावळ बांधली होती.

पूर्वेला काळंकुट्ट होतं. या गेमचा नियमच तसा. आपलं माणूस जिथवर जातं तिथवरच नकाशा उजळतो, बाकी अंधार. फ्लॉईडचा एकही स्वार इकडे कधी आलाच नव्हता. तो इतके दिवस नुसती 'पाळी संपली' दाबत आला होता.

टीचरना फार वाईट वाटलं. तो आपल्याला हरवत होता, लुटत होता, गावं जाळत होता असं असतं, तरी एवढं वाटलं नसतं. निदान बघून तरी गेला असता.

वेशीवर एक हाडांचा घोडेस्वार रिकामा उभा होता. टीचरनी त्याच्यावर माऊस नेला आणि त्याला पूर्वेची वाट दाखवली. स्वार चार ढांगा गेला, थोडासा अंधार विरला, नुसतं गवत दिसलं. तेवढ्यात त्याची चाल संपली. टीचरनी फ्लॉईडची पाळी संपवली.

मग त्यांची स्वतःची पाळी आली. सीमेवर त्यांचे तिरंदाज उभे होते. भुतांकडून कुणीही आलं तर न विचारता बाण सोडायचा, असा हुकूम त्यांना टीचरनीच दिलेला होता. त्यांनी एकेका तिरंदाजाला रस्त्यावरून मागे घेतलं.

स्वार अजून बराच लांब होता.