तीन बोटं

नऊ वर्षं मार्लिसचं तोंड एका बोटापुरतंच उघडायचं. ऑगस्टात अख्खं नेब्रास्का कणसांवर तुटून पडायचं, तेव्हा ही सुरीनं दाणे खरवडत बसायची. गावचे दंतवैद्य हाल्व्हरसन दरवेळी तिच्या दातांत बोटं खुपसू पाहायचे. “तीन मावायला हवीत, बाई! मनाचे खेळ सगळे. लग्न कर, जबडा आपोआप सुटेल.” शेवटी ओमाहातल्या सर्जननं जबड्याआड वाढलेलं अक्रोडाएवढं हाड काढलं. कॅन्सर नव्हता, साध्या एक्सरेतही दिसलं असतं. आज बाटलीतलं ते हाड पर्समध्ये घालून ती हाल्व्हरसनच्या त्याच खुर्चीत बसली. दाखवायचं आणि माफी मागायला लावायची. पण बाटली बाहेर निघण्याआधीच त्यांनी बोटं घातली. “तिन्ही गेली! म्हटलं नव्हतं? मनाचे खेळ!” मार्लिसनं पर्स मिटली आणि करकचून चावा घेतला. ते किंचाळले. ‘मनाचे खेळ, डॉक्टर,’ तिला म्हणायचं होतं. पण तोंड भरलेलं होतं.