टॉवेलचा हंस

दारावर टकटक झाली तेव्हा सानिये पलंगाच्या चौथ्या कोपऱ्याशी चादर खोचत होती. तिने पटकन हात मागे घेतले. पण झेलिहा ट्रॉलीसकट आत आलीच होती.

"आजही?" झेलिहा म्हणाली.

सानियेला हसू आवरेना.

या हॉटेलात ती पाहुणी होती. खरीखुरी. मनगटावर सोनेरी पट्टा. तो दाखवला की हवं ते खा, हवं ते प्या. समुद्राकडची खोली, पाच दिवस. साठाव्या वाढदिवसाला मुलाने, तुरगुतने, दिलेली भेट. तिच्या मानवगात गावाहून बस जेमतेम अर्ध्या तासाची, पण बॅग आठवडाभर आधीच भरून तयार होती. सव्वीस उन्हाळे सानियेने खाडीपलीकडच्या हॉटेलात दुसऱ्यांचे पलंग आवरले होते. समुद्र तेव्हाही रोज दिसायचा, पण काच पुसता पुसता. आता तो बाल्कनीत बसून दिसत होता, आणि या आनंदात पहाटे पाचलाच तिची झोप उडायची. उठून करायचं काय? ती पलंग आवरायची.

शिवाय हंस.

सोमवारी ती खोलीत शिरली तेव्हा झेलिहा पलंगावर ठेवायचा टॉवेलचा हंस वळत होती. हंस तोंडावर पडला. पुन्हा वळला, पुन्हा पडला. चाळिशीची बाई. मेपर्यंत टोमॅटोच्या पॉलीहाऊसमध्ये होती, हातांच्या भेगा अजून बुजल्या नव्हत्या. "आण इकडे," म्हणत सानियेने टॉवेल ओढून घेतला आणि तीन वळणांत हंस असा उभा केला की आता उठून पाणी मागेल. मंगळवारी तोच प्रकार. आज बुधवार, आजही तोच. झेलिहाची वीस मिनिटं वाचायची. ती बाल्कनीत उभ्या उभ्या चहा प्यायची. आपल्यासारखी मनमिळाऊ पाहुणी या किनाऱ्यावर झाली नसेल, असं सानियेला मनोमन वाटायचं.

दुपारी झेलिहा पुन्हा आली. या वेळी ट्रॉली नव्हती आणि चेहरा पांढराफटक होता.

मजल्यावरच्या बायकांची मुकादम नूरजान सानियेच्या खोलीत, तीनशे चौदामध्ये, डोकावून गेली होती. तिने हंस पाहिला, त्याचा फोटो काढला आणि इतर बायकांना फिरवून फिरवून दाखवला. हिवाळ्यात हॉटेल चारच बायका ठेवतं. तिघी ठरल्या होत्या. चौथी तू, असं ती झेलिहाला म्हणाली. फक्त उद्या दहाला याच खोलीत, माझ्यासमोर सगळं कर. नाही जमलं, तर नोव्हेंबरपासून पुन्हा टोमॅटो.

"अगं, मग बस ना, आत्ता शिकवते," सानिये उत्साहाने टॉवेल घेऊन आली. "हंसात काय आहे? मान घट्ट वळायची, बस."

झेलिहा बसली नाही. खाली अजून नऊ खोल्या पडल्या होत्या. तिने टॉवेलकडे पाहिलं, मग त्या कडक, सुरकुती नसलेल्या पलंगाकडे.

"तुम्ही माझं काम केलंत, ताई," ती म्हणाली. "माझे हात रिकामेच राहिले."

ती गेली. सानिये टॉवेल हातात धरून तशीच उभी.

*

गुरुवार. सकाळचे नऊ.

सानियेने चादर चारी कोपऱ्यांतून उपसली. सव्वीस वर्षं चादरी खोचलेले हात ऐकेनात, म्हणून दातांत धरून ओढली.

उशी एक जमिनीवर. दुसरी बाल्कनीत.

टॉवेल सगळे ओले. एक टबात, दोन आरशाखाली, एक मुद्दाम दारात.

कलिंगड. बियांसकट. टेबलावर.

वाळू. चपलेत भरून आणलेली. गादीवर.

इथे मात्र तिने डोळे मिटून घेतले.

मग ती समुद्रावर गेली. पाण्यात उतरली, छातीपर्यंत. काठावर वेटर संत्र्याचा रस घेऊन खुणावत होता, तिचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर, तिच्याच खोलीच्या बाल्कनीत एक पांढरी चादर झटकली गेली. वाळू उडाली. अजून एक झटका. मग उशी आत गेली. मग काहीच दिसेना. तिने आयुष्यात पहिल्यांदाच लाटांकडे पाठ करून इतका वेळ काढला.

साडेदहाला ती निथळत वर आली. व्हरांड्यात झेलिहा ट्रॉली ढकलत येत होती. केस घामाने चिकटलेले, गाल लाल.

नूरजानने दार उघडून कपाळावर हात मारला होता. ही बाई आहे की वादळ, म्हणाली. आणि मग घड्याळ लावून बसली. सव्वीस मिनिटं. असली खोली इतक्या कमी वेळात उभी राहिलेली तिने पाहिली नव्हती. हंसाचं म्हणाल तर, मान हिवाळ्यात शिकशील, एवढंच बोलली.

हे सगळं झेलिहाने एका दमात सांगितलं. पुढे जाता जाता थांबली.

"पण वाळू कशाला, ताई? वाळूवाचूनही भागलं असतं."

सानियेने दार लावून घेतलं.

पलंग आवरलेला होता. एक कोपरा किंचित सैल. मधोमध हंस. एक पंख आखूड, मान उजवीकडे कललेली, जणू कुणी हाक मारली म्हणून वळून बघतोय. पण उभा होता.

तिचा हात आपसूक त्या मानेकडे गेला. नुसतं एक वळण, की सरळ होईल.

हात हवेतच राहिला. तिने तो मागे घेतला आणि ओल्या अंगानेच पलंगाशेजारी फरशीवर फतकल मारली. हंस आणि ती, नजरेला नजर.

सव्वीस उन्हाळ्यांत तिने हजारो वळले होते. तिच्यासाठी कुणी वळलेला हा पहिलाच.