चांगल्या डोळ्यावर पट्टी

लेकीचा एक डोळा तिरळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं काम चांगला डोळाच करतो, म्हणून दुसरा आळशी झालाय. चांगल्यावर रोज पट्टी लावा, म्हणजे हा मुकाट्याने कामाला लागेल. सुरुवातीला चिडचिड होईल."

"आयतं मिळालं की असंच व्हायचं!" घरी येताच सोफ्यावर आडवं होत बाबांनी लेकीला आळसाचे तोटे समजावले. मधे दोनदा चहा मागवला. आईने तो आणून दिला, रिकामे कपही उचलून नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोफ्यावरून हाक गेली, "अगं, चहा! आणि माझा टॉवेल कुठाय?"

बेडरूमचं दार बंद होतं. दारावर मधोमध एक पट्टी चिकटवलेली होती.

"ओरडू नका ना बाबा," एका डोळ्याने बघत लेक म्हणाली, "आईला संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलंय. सुरुवातीला चिडचिड होतेच."