पिवळी रेघ

गोपीनाथने गोदामाची चावी स्वतःहून काढून दिली, तेव्हा धम्मपालला जरा चुकल्यासारखंच झालं. तो कुलूप फोडायच्या तयारीने आला होता.

"ती जाळी बघायचीच आहे ना?" गोपीनाथने विचारलं. विचारलं धम्मपालला, पण बघत होता दाराकडे.

"बघायचीय काका. आणि वहिनींच्या समोर बघायचीय."

दारात कल्पिता उभी होती, धम्मपालच्या थोरल्या भावाची, आनंदची, बायको. कल्याणहून वागळे इस्टेटपर्यंत बसमध्ये ती एक अक्षर बोलली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ठाण्यात एका ऑफिसच्या इमारतीला ऊन अडवणाऱ्या लोखंडी जाळ्या बसवायचं काम चालू होतं. त्यातली एक सहाव्या मजल्यावरून वाऱ्याने सुटली आणि खाली सामान आवरणाऱ्या आनंदवर पडली. गोपीनाथ तिथला मुकादम. चौकशीत त्याने लिहून दिलं की, त्या ओळीचे नट आनंदने आवळलेच नव्हते, नुसता रंग लावला होता.

या कामात याहून मोठी शिवी नाही. नट पुरता आवळला की नटावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळी रेघ ओढायची. ज्याने आवळला त्यानेच ओढायची. रेघ दिसली की दुसरा माणूस त्या नटाला पाना लावत नाही, बिनघोर पुढे जातो. न आवळता रेघ ओढणाऱ्याला सगळे ‘रंगारी’ म्हणतात. आनंद जिवानिशी गेला तो गेलाच, वर रंगारी म्हणून गेला. डोंबिवलीच्या साइटवर कामगारांना दम देताना अजून त्याचं नाव घेतात. धम्मपालने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

त्या रागापायी तो गोपीनाथच्याच हाताखाली कामाला लागला. काका, काका करत तीन वर्षं त्याच्यासोबत चहा प्यायला आणि मनात रोज त्याला उलटा टांगला. रात्रीचं जेवण वाढताना वहिनी विचारायची, "काही कळलं का?" ती पडलेली जाळी गोपीनाथने भंगारात दिली नाही, गोदामात कुलपाआड ठेवलीय, हेही तिनेच कुठूनतरी ऐकून आणलं होतं. मग तर शंकेला जागाच उरली नाही. पाप असल्याशिवाय कोण कशाला दडवून ठेवील?

धम्मपालचा हिशेब सरळ होता. नट घट्टच होते. शेवटच्या ओळीवर चारही रेघा होत्या, हे त्याला पक्कं ठाऊक होतं; त्या दिवशी दादाच्या मदतीला तोही वर होता. पत्राच हलका आणला असणार गोपीनाथने, आणि वाऱ्याच्या हिसक्याने भोकं फाटून जाळी निघाली असणार. त्या फाटक्या भोकांवर बोट ठेवून या म्हाताऱ्याला वहिनीच्या पायाशी नाक घासायला लावायचं, एवढ्यासाठी तो जगत होता.

त्याने ताडपत्री ओढली. जाळी आडवी केली आणि कडेच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

चारही भोकं गोल होती. पत्रा कुठेही फाटलेला नव्हता. नट हलत, फिरत आपोआप निघून गेले होते. म्हणजे ते आवळलेलेच नव्हते.

दादा खरंच रंगारी होता? आणि हे दाखवायला आपण वहिनींना इथवर आणलं? मान वर करायची त्याला लाज वाटली.

"जाळी बदललीत तुम्ही," तो कसाबसा म्हणाला.

गोपीनाथ खाली वाकला. त्याने पट्टीवरची धूळ पुसली. प्रत्येक भोकाशेजारी पिवळ्या रेघेचा तुकडा उरला होता. रेघा डावीकडे कललेल्या होत्या. गोपीनाथने खिशातला मार्कर काढून त्याच्यापुढे धरला.

"शेजारी एक ओढ."

धम्मपालने चिडून मार्करचं टोपण दातांनी काढलं आणि रेघ ओढली. डाव्या हाताने, नेहमीसारखी. जुनी आणि नवी रेघ एकाच फणीच्या दातांसारख्या शेजारी बसल्या.

दादा तर उजव्या हाताने रेघ ओढायचा.

"मी नुसता रंग लावलेला," तो म्हणाला. "वारं सुटलेलं, दादाची घाई चाललेली. म्हटलं, तेवढाच हातभार. मला वाटलं, तो आवळून पुढे गेलाय."

"आणि तो परत आला तर त्याला रेघ दिसली, वाटलं तू आवळलेत," गोपीनाथ म्हणाला.

धम्मपालने त्याची कॉलर धरली. इतक्या वर्षांचा राग कुठे घालावा ते त्याला कळेना. "मग माझं नाव का नाही लिहिलं? मेलेल्या माणसाला बदनाम का केलंत?"

कल्पिता पुढे आली. तिने दिराची बोटं एकेक करून कॉलरवरून सोडवली.

"ते तुमचंच नाव लिहीत होते, भाऊजी. मी लिहू दिलं नाही. कोर्टाने तुम्हाला वर्षा-दोन वर्षांत सोडलं असतं. तेवढ्याने माझं भागलं नसतं. मी मुकादमांना म्हटलं, आमच्या ह्यांचं नाव लिहा, आणि भाऊजी स्वतःच्या हाताने शोधत येतील तोवर जाळी जपून ठेवा."