पाऊण तासाची सोबत

हृदयाच्या एमआरआयसाठी मी दरवर्षी पळसदेवहून बारामतीला हौसेनं जायचो. मशीनमध्ये श्वास रोखायचा, सोडायचा आणि मधल्या वेळेत काचेपलीकडं मशीन चालवणाऱ्या सोनमला गोष्टी ऐकवायच्या. मुद्दाम हललो की फोटो बिघडायचे आणि सोबत पाऊण तासानं वाढायची. घरी माझ्या थापा ऐकायला भिंतीच उरल्यात. यंदा उजनीतल्या माशाची गोष्ट काढली. “असा ओढला, पोरी, की धरणच हाललं!” म्हणत मीही हललो. ती हसली. “हला खुशाल, आबा. आता एआय हललेले फोटोबी सरळ करून दहा मिनिटांत उरकतंय. झालं, उठा.” मासा पाण्यातच राहिला. “संगं कोण आलंय?” तिनं विचारलं. “दोन जीपा भरून माणसं.” “मग एकाला आत पाठवा, डॉक्टरांना घरच्यांशी बोलायचंय.” मी बाहेर आलो आणि रिकाम्या आवारात तिला ऐकू जाईल असं ओरडलो, “अरं, कुणीतरी या!”